एनसीएस-ईएमजीचे कोड: रिपोर्ट हातात आल्यावर मोजायचं कसं

नर्व्ह कंडक्शनच्या (एनसीएस) रिपोर्टमधला तक्ता चौदा ओळींचा असला म्हणून तपासण्या चौदा झाल्या असं होत नाही. बिलिंगमधल्या बहुतेक चुका इथेच होतात. अमेरिकेतल्या न्यूरॉलॉजी किंवा पीएमआर (फिजिकल मेडिसिन आणि रिहॅबिलिटेशन) विभागांचे चार्ट पुण्यात, नवी मुंबईत, नागपुरात बसून कोड करणाऱ्यांपुढे हे रिपोर्ट रोज येतात. कोड मोजकेच आहेत, एका कागदावर मावतील. अवघड आहे ते मोजणं, म्हणून या लेखात जास्त जागा मोजणीलाच दिली आहे.

आधी एक खुलासा. हे कोड अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या सीपीटी संचातले आहेत आणि अमेरिकेतल्या विमा दाव्यांसाठी आहेत. आपल्याकडच्या रुग्णालयात ईएमजी केली तर बिल रुग्णालयाच्या दरपत्रकाप्रमाणे होतं, तिथे या आकड्यांचा संबंध येत नाही. सीपीटी दर वर्षी १ जानेवारीला बदलतो, निदानाचे आयसीडी-१०-सीएम कोड १ ऑक्टोबरला. सेवेच्या तारखेला जे पुस्तक लागू असेल तेच उघडायचं. कोडिंग आज करत असलात म्हणून आजचं पुस्तक चालत नाही.

तपासणीचे दोन भाग

एनसीएसमध्ये (नर्व्ह कंडक्शन स्टडी) त्वचेवर इलेक्ट्रोड चिकटवून नर्व्हला विजेचा छोटा झटका देतात आणि संदेश किती वेगाने, किती ताकदीने पोचतो ते मोजतात. ईएमजीमध्ये (इलेक्ट्रोमायोग्राफी) बारीक सुई स्नायूत घालून त्यातली विद्युत हालचाल बघतात. एनसीएसची मोजणी नर्व्हवर चालते, ईएमजीची हातापायांवर आणि स्नायूंवर. दोन्हींचे नियम एकमेकांत मिसळले की हिशेब बिघडतो. म्हणून रिपोर्ट आल्यावर आधी पेन्सिलीने दोन भाग पाडून घ्यायचे: वर एनसीएसचे तक्ते, खाली सुईचा तक्ता.

एनसीएस: ओळी नाही, अभ्यास मोजायचे

१ जानेवारी २०१३ पासून एनसीएससाठी सात कोड आहेत. १ किंवा २ अभ्यासांना ९५९०७, ३-४ ला ९५९०८, ५-६ ला ९५९०९, ७-८ ला ९५९१०, ९-१० ला ९५९११, ११-१२ ला ९५९१२ आणि १३ किंवा त्याहून जास्त असतील तर ९५९१३. शेवटच्या दोन कोडांचे शेवटचे दोन आकडे मोजणीशी जुळतात: बाराला बारा, तेराला तेरा. तिथून दोन-दोनने खाली उतरत आलात की पाठ करायची गरज राहत नाही.

एका दिवसाला, एका रुग्णाला या सातांपैकी एकच कोड लागतो आणि युनिट कायम १. हातांचे वेगळे, पायांचे वेगळे असे दोन कोड लावायचे नाहीत. सगळ्या अवयवांची बेरीज करून एकच. मॉडिफायर (कोडामागे जोडायची खूण) ५०, आरटी, एलटी या कोडांना लावायचं कारणच नाही, कारण उजवं-डावं आधीच बेरजेत आलेलं असतं.

२०१२ पर्यंत पद्धत वेगळी होती. मोटर (हालचाल घडवणाऱ्या नर्व्हच्या) अभ्यासाला ९५९०० किंवा एफ वेव्हसह (मणक्यापर्यंत जाऊन परत येणारा संदेश) ९५९०३, सेन्सरीला (संवेदना वाहणाऱ्या नर्व्हला) ९५९०४, असं प्रत्येक नर्व्हमागे युनिट लागत असे. जितक्या नर्व्ह, तितके पैसे. अमेरिकेच्या आरोग्य खात्याच्या महानिरीक्षक कार्यालयाने २०१४ मध्ये दिलेल्या अहवालात, २०११ सालच्या बिलांत ४,९०१ डॉक्टरांचं बिलिंग संशयास्पद ठरवलं होतं, रक्कम सुमारे १३ कोटी ९० लाख डॉलर. या तपासण्यांचे दावे आजही बारकाईने का तपासले जातात, ते यावरून कळेल.

आता अभ्यास म्हणजे काय? तीन गोष्टींना अभ्यास म्हणतात: एका नर्व्हची सेन्सरी तपासणी, एका नर्व्हची मोटर तपासणी, आणि एच रिफ्लेक्स (मणक्यातून फिरून येणाऱ्या प्रतिक्षेपाची नोंद). एफ वेव्ह मोटरमध्येच धरलेली आहे. ती केली तरी एक, नाही केली तरी एक. त्याच नर्व्हला मनगटाशी, कोपराखाली, कोपरावर अशा तीन ठिकाणी झटका दिला तरी अभ्यास एकच. ‘इंचिंग’ करताना एकेक सेंटीमीटर सरकत सात-आठ ठिकाणी उत्तेजना देतात, तोही एकच. संदेश उलट दिशेने मोजला काय आणि सुलट दिशेने काय, मोजणी तीच.

याउलट दोन गोष्टी वेगळ्या मोजल्या जातात आणि नवे लोक त्या सोडून देतात. पहिली, बाजू: उजवी मीडियन आणि डावी मीडियन या दोन नर्व्ह आहेत. दुसरी, प्रकार: टिबियल नर्व्हची मोटर तपासणी एक आणि त्याच टिबियलचा एच रिफ्लेक्स दुसरा.

सीपीटीच्या पुस्तकात मागे ‘परिशिष्ट जे’ (Appendix J) आहे. त्यात कोणती शाखा स्वतंत्र धरायची याची यादी आहे आणि वाद झाला की शेवटचा शब्द तिचा. पेरोनियल नर्व्ह पायाच्या ईडीबी स्नायूवर नोंदली आणि नंतर टिबिॲलिस अँटीरिअरवरही नोंदली, तर यादीत या दोन वेगळ्या ओळी आहेत, म्हणून अभ्यास दोन. पायाचा ईडीबी वाळलेला असेल तर डॉक्टर हमखास असं करतात. मीडियनची सेन्सरी अंगठ्यावर, तर्जनीवर, मधल्या बोटावर आणि अनामिकेवर असे चार वेगळे नोंद क्रमांक आहेत, तळहातातली मिश्र नोंद आणखी वेगळी. म्हणून कार्पल टनेलच्या (मनगटात मीडियन नर्व्ह दाबली जाण्याच्या) तुलनात्मक चाचण्यांमध्ये, म्हणजे अंगठ्यावर मीडियन विरुद्ध रेडियल, अनामिकेवर मीडियन विरुद्ध अल्नर, तळहातात मीडियन विरुद्ध अल्नर, एकूण सहा अभ्यास होतात. यादीची छापील प्रत टेबलावर असू द्या. आठवणीवर विसंबून मोजणारा माणूस कधी कमी मोजतो, कधी जास्त, आणि दोन्ही महागात पडतं.

झटका देऊनही प्रतिसाद आला नाही, तक्त्यात ‘एनआर’ असं लिहिलंय, तर अभ्यास मोजायचा की नाही? मोजायचा. प्रतिसाद नसणं हाही निष्कर्षच आहे, आणि मेहनत तेवढीच झालेली असते. पण तक्त्यात नर्व्हचं नाव छापलंय आणि पुढचे रकाने कोरे आहेत, तर ती तपासणी झालीच नाही असं धरायचं. यंत्राच्या टेम्पलेटमध्ये अशी नावं आधीच भरलेली असतात.

एक पूर्ण उदाहरण करून बघू. दोन्ही हातांना मुंग्या येणाऱ्या रुग्णाचा रिपोर्ट आहे. मोटर तक्त्यात उजवी मीडियन एपीबीवर (अंगठ्याच्या मुळाशी असलेला स्नायू), मनगट आणि कोपर अशा २ ओळी. तिचीच एफ वेव्ह, १ ओळ. डावी मीडियन, २ ओळी. उजवी अल्नर एडीएमवर (करंगळीच्या बाजूचा स्नायू), मनगट, कोपराखाली, कोपरावर, ३ ओळी. सेन्सरी तक्त्यात उजवी आणि डावी मीडियन तर्जनीवर, उजवी आणि डावी अल्नर करंगळीवर, शिवाय उजव्या तळहातात मीडियन आणि अल्नर, अशा ६ ओळी. एकूण छापील ओळी १४. घाईत मोजणारा ९५९१३ लावून मोकळा होतो.

आता नीट मोजा. मोटर: उजवी मीडियन एक, डावी मीडियन दोन, उजवी अल्नर तीन. एफ वेव्ह उजव्या मीडियनच्या पोटात गेली. सेन्सरी: सहाच्या सहा वेगळे. बेरीज ९, कोड ९५९११. चौदा आणि नऊ यातला फरक दोन कोडांचा आहे. प्रत्येक चार्टवर असा फरक पडत गेला तर वर्षभराने ऑडिटमध्ये जी रक्कम परत करावी लागते ती लहान नसते.

पायाचं उदाहरण छोटं आहे. कमरेतून उजव्या पायात कळ जाते म्हणून उजवी पेरोनियल मोटर एफ वेव्हसह, उजवी टिबियल मोटर एफ वेव्हसह, उजवी सुरल, उजवी सुपरफिशियल पेरोनियल आणि टिबियलचा एच रिफ्लेक्स. दोन मोटर, दोन सेन्सरी, एक एच, बेरीज ५, कोड ९५९०९.

मोजणीत न धरायच्या गोष्टी थोडक्यात. डोळ्याच्या पापणीचा ब्लिंक रिफ्लेक्स हा स्वतंत्र कोड आहे, ९५९३३. मायस्थेनियासाठी (स्नायू लवकर थकण्याचा आजार) पुन्हापुन्हा उत्तेजना देऊन बघतात, त्याला ९५९३७, आणि तो मात्र प्रत्येक नर्व्हमागे एक युनिट. आधीच बसवलेल्या इलेक्ट्रोडच्या पट्टीने, हातात धरायच्या यंत्राने केलेल्या तपासणीला ९५९०५, हात किंवा पाय यामागे एक, आणि तो असला की ९५९०७ ते ९५९१३ त्याच दाव्यात टाकायचे नाहीत.

ईएमजी: आधी हात-पाय, मग स्नायू

पहिला प्रश्न हा विचारायचा: त्याच दिवशी एनसीएस झाली का? झाली असेल तर ९५८८५, ९५८८६, ९५८८७ हे तीन ॲड-ऑन (मूळ कोडासोबतच लागणारे) कोड. झाली नसेल, फक्त सुईचीच तपासणी असेल, तर ९५८६० ते ९५८७० मधले स्वतंत्र कोड. एनसीएस सोमवारी आणि सुई बुधवारी झाली तर सुईला स्वतंत्र कोड लागतो. पण दोन दिवसांत विभागण्याचं वैद्यकीय कारण नोंदीत हवं. रुग्णाला त्रास झाला, वेळ संपली, काहीही असो, ते लिहिलेलं पाहिजे.

९५८८५ म्हणजे एका हाताची किंवा पायाची मर्यादित तपासणी, ९५८८६ म्हणजे पूर्ण. पूर्ण कधी म्हणायचं यासाठी दोन अटी आहेत आणि दोन्ही पाळाव्या लागतात. त्या अवयवातले किमान ५ स्नायू तपासलेले हवेत, आणि ते किमान ३ नर्व्हकडून किंवा मणक्याच्या किमान ४ पातळ्यांवरून चालणारे हवेत. पाच मोजून थांबणारे बरेच असतात. समजा हातातले पाच स्नायू असे आहेत: एफडीआय, एडीएम, एफसीयू, एपीबी, एफपीएल. पाच भरले. पण पहिले तीन अल्नरचे, शेवटचे दोन मीडियनचे, म्हणजे नर्व्ह दोनच. पातळ्या बघितल्या तर सी७, सी८, टी१, म्हणजे तीन. नर्व्ह आणि पातळ्या यांपैकी एकही आकडा भरला नाही, म्हणून दुसरी अट मोडली आणि पाच स्नायू असूनही कोड ९५८८५.

यासाठी स्नायूंची नर्व्ह आणि पातळी यांचा तक्ता जवळ लागतो. डेल्टॉइड ॲक्झिलरीचा, बायसेप्स मस्क्युलोक्युटेनिअसचा, ट्रायसेप्स रेडियलचा, प्रोनेटर टेरिस आणि एपीबी मीडियनचे, एफडीआय अल्नरचा. हाताच्या नेहमीच्या तपासणीत एवढे सहा आले की पाच नर्व्ह भरतात आणि ९५८८६ बिनघोर लागतो. वरच्या दोन्ही हातांच्या रुग्णात उजव्या हाताचे हे सहा स्नायू तपासले आणि डाव्या हाताचे एपीबी व एफडीआय दोनच, तर ९५८८६ चं १ युनिट आणि ९५८८५ चं १ युनिट, दोन वेगळ्या ओळींवर. काही पेयरचं (पैसे देणाऱ्या विमा कंपनीचं) सॉफ्टवेअर हे एकाच हाताचं समजून एक ओळ अडवतं. त्या तिमाहीच्या एनसीसीआय फाइलमध्ये (कोणते कोड एकत्र चालत नाहीत याची यादी) ही जोडी बघा आणि मुभा असेल तर मॉडिफायर ५९ किंवा एक्सएस लावा. या दोन्ही कोडांची युनिटं मिळून एका रुग्णाला ४ च्या वर जात नाहीत, कारण हात-पाय चारच.

पाठीचे पॅरास्पायनल स्नायू हा वेगळा गोंधळ. हाताबरोबर मानेचे, पायाबरोबर कमरेचे पॅरास्पायनल तपासले तर ते त्या अवयवाच्या कोडातच आले, वेगळं काही लावायचं नाही. चेहरा, जीभ किंवा छातीच्या मणक्यालगतचे स्नायू तपासले तर एनसीएसच्या दिवशी ९५८८७. चेहऱ्याच्या दोन्ही बाजू तपासल्या तर तो दोनदा लागू शकतो.

एनसीएस नसताना: पूर्ण तपासणी एका अवयवाची ९५८६०, दोनची ९५८६१, तीनची ९५८६३, चारची ९५८६४. मध्ये ९५८६२ नाही, टायपिंगची चूक इथे फार होते. चार किंवा कमी स्नायू असतील तर ९५८७०. फक्त छातीच्या पॅरास्पायनलला ९५८६९, कितीही पातळ्या असोत, एक युनिट.

बोटुलिनम इंजेक्शन देताना सुई योग्य स्नायूत आहे का हे ईएमजीने बघतात. ती निदानाची तपासणी नव्हे. त्याला ९५८७४ हा ॲड-ऑन, मूळ इंजेक्शनच्या कोडाबरोबर. विजेच्या उत्तेजनेने बघितलं असेल तर ९५८७३. दोन्ही एकत्र नाहीत.

किती म्हणजे जास्त

परिशिष्ट जे मध्ये आणखी एक तक्ता आहे, तो कोडरने भिंतीवर लावावा असा. ९० टक्के रुग्णांत निदान गाठायला किती तपासण्या पुरतात, याचा तो अंदाज आहे. एका हाताच्या कार्पल टनेलला सुईचा १ अवयव आणि ७ एनसीएस. दोन्ही हातांच्या कार्पल टनेलला २ आणि १०. रॅडिक्युलोपथीला (मणक्यापाशी नर्व्हचं मूळ दाबलं जाणं) २ आणि ७. पॉलिन्युरोपथीला (अनेक नर्व्ह एकदम बिघडणं) ३ आणि १०. मोटर न्यूरॉनच्या आजाराला ४ आणि ६, शिवाय पुनरावृत्त उत्तेजनेच्या २.

हा आकडा म्हणजे मर्यादा नाही. पण तो ओलांडला की पेयर कारण विचारणार हे धरून चाला. एका हाताच्या कार्पल टनेलला ११ अभ्यास झाले असतील तर रिपोर्टमध्ये ‘मधुमेहामुळे पॉलिन्युरोपथी वगळण्यासाठी पाय तपासले’ असं एक वाक्य तरी हवं. ते नसेल तर डॉक्टरांकडे क्वेरी पाठवा. स्वतःच्या मनाने कारण जोडू नका, ते कोडरचं काम नाही.

उलट बाजूही आहे. रॅडिक्युलोपथीचा संशय आणि केली फक्त एनसीएस, सुई लावलीच नाही, असे दावे मेडिकेअरचे (अमेरिकेतल्या सरकारी विम्याचे) अनेक कंत्राटदार आपल्या एलसीडी धोरणांत (कोणत्या निदानाला तपासणी मान्य, हे सांगणारे स्थानिक नियम) नाकारतात. कारण रॅडिक्युलोपथी सुईशिवाय सहसा सापडत नाही. नर्व्हच्या मुळाशी दाब असला तरी सेन्सरी आकडे नॉर्मल येतात. कार्पल टनेलला मात्र नुसती एनसीएस पुष्कळदा पुरते.

निदानाचा कोड

इथला नियम पक्का आहे आणि तरी रोज मोडला जातो. बाह्यरुग्ण तपासणीत ‘शक्यता’, ‘संशय’, ‘वगळण्यासाठी’ असं लिहिलेलं निदान कोड करायचं नाही. ऑर्डरवर ‘रूल आउट सीटीएस’ (कार्पल टनेल वगळण्यासाठी) असेल आणि तपासणी नॉर्मल आली, तर रुग्ण ज्या तक्रारीसाठी आला तीच कोड करायची. मुंग्यांना आर२०.२, बधिरपणाला आर२०.०. तपासणीत कार्पल टनेल ठरला, डॉक्टरांनी निष्कर्षात तसं लिहिलं आणि कोडिंगच्या वेळी रिपोर्ट हातात आहे, तर तोच कोड: उजव्याला जी५६.०१, डाव्याला जी५६.०२, दोन्हींना जी५६.०३. मग मुंग्यांचा कोड वेगळा जोडायचा नाही, ती त्या आजाराचीच खूण आहे. जी५६.०३ हा ऑक्टोबर २०१६ पासूनचा. काही कोडर अजून ०१ आणि ०२ जोडीने टाकतात, ते थांबवा.

जी५६.०० म्हणजे बाजू न सांगितलेला कार्पल टनेल. एनसीएस झालेल्या रुग्णाला हा कोड लावणं म्हणजे रिपोर्ट वाचला नाही असं जाहीर करणं. बाजू तक्त्यात असतेच.

मानेच्या रॅडिक्युलोपथीला एम५४.१२, कमरेच्या एम५४.१६, लंबोसेक्रलला एम५४.१७. दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहातल्या पॉलिन्युरोपथीला ई११.४२, त्याबरोबर जी६२.९ टाकायचा नाही. पाय उचलता येत नाही अशी तक्रार आणि कारण ठरलेलं नाही, तर उजव्या पायाला एम२१.३७१. कंबरदुखीचा जुना एम५४.५ हा २०२१ च्या ऑक्टोबरपासून चालत नाही, त्याचे एम५४.५०, एम५४.५१ आणि एम५४.५९ असे तुकडे झाले आहेत.

क्लेमवर भरताना

सीएमएस-१५०० फॉर्मच्या रकाना २१ मध्ये निदानं, २४डी मध्ये कोड आणि मॉडिफायर, २४ई मध्ये कोणतं निदान कोणत्या ओळीला जोडलंय ते. इथे आळस होतो. सगळ्या ओळींना ‘ए’ जोडून दिलं की सुईची ओळ चुकीच्या निदानावर जाते. मानेच्या रॅडिक्युलोपथीसाठी सुई, कार्पल टनेलसाठी एनसीएस, असं असेल तर तसं जोडा. तपासणी कुणी सांगितली त्या डॉक्टरचं नाव आणि एनपीआय (डॉक्टरचा ओळख क्रमांक) रकाना १७ मध्ये.

ॲड-ऑन सुईचे कोड एनसीएसच्या कोडासोबतच, त्याच दाव्यावर. एनसीएसची ओळ नाकारली गेली की तिच्या पाठोपाठ सुईची ओळही जाते, म्हणून अपील करताना आधी एनसीएसची ओळ सोडवायची. ॲड-ऑनला मॉडिफायर ५१ लावू नका.

तपासणी डॉक्टरच्या स्वतःच्या क्लिनिकमध्ये, स्वतःच्या यंत्रावर झाली तर कोड मॉडिफायरविना. रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात झाली तर यंत्र आणि तंत्रज्ञ रुग्णालयाचे, डॉक्टरला फक्त मॉडिफायर २६ (केवळ डॉक्टरच्या कामाचा). प्लेस ऑफ सर्व्हिस २२ लिहून २६ विसरलात की पैसे आधी येतात आणि नंतर परत मागितले जातात, ते जास्त त्रासाचं.

त्याच दिवशी डॉक्टरांनी सल्लाही दिला म्हणून ई/एम कोड (रुग्णाला तपासून सल्ला देण्याचा) लावायचा असेल तर मॉडिफायर २५ हवा, आणि नोंदीत तपासणीपेक्षा वेगळं काम दिसलं पाहिजे. सुई लावण्याआधी विचारलेले चार प्रश्न आणि बघितलेले रिफ्लेक्स हे तपासणीचाच भाग आहेत.

रिपोर्टमध्ये काय असलं पाहिजे

कोड बरोबर असला तरी कागद कच्चा असेल तर दावा टिकत नाही. एनसीएसच्या तक्त्यात नर्व्ह, बाजू, उत्तेजनेची आणि नोंदीची जागा, लेटन्सी (संदेश पोचायला लागलेला वेळ), ॲम्प्लिट्यूड (त्याची ताकद), वेग, जिथे केली तिथे एफ वेव्ह. सुईच्या तक्त्यात प्रत्येक स्नायूचं नाव, बाजू, विश्रांतीतली हालचाल, मोटर युनिटचा आकार आणि रिक्रूटमेंट. ‘दोन्ही हातांची ईएमजी नॉर्मल’ एवढ्या एका ओळीवर ९५८८६ ची दोन युनिटं मागता येत नाहीत.

त्वचेचं तापमान हा रकाना बरेच जण कोरा सोडतात. हात सुमारे ३२ अंश सेल्सियसच्या खाली गार असेल तर नर्व्हचा वेग आपोआप मंदावतो, लेटन्सी वाढते आणि निरोगी माणसाला कार्पल टनेल असल्याचं दिसतं. ऑडिट करणारा डॉक्टर हा आकडा शोधतोच.

दुखापतीच्या तारखेचंही तसंच. नर्व्ह तुटल्यावर स्नायूत फिब्रिलेशन (सुईला दिसणारी, आपोआप होणारी विद्युत हालचाल) दिसायला दोन-तीन आठवडे लागतात. पहिल्या आठवड्यात तपासणी झाली आणि महिन्याने पुन्हा करावी लागली, तर दुसऱ्या दाव्याचं कारण या तारखेतच असतं. ती नोंदवली नसेल तर पुन्हा केलेली तपासणी फुकट जाते.

दावा परत आला तर

नकारासोबत कारणाचा कोड येतो. सीओ-५० म्हणजे वैद्यकीय गरज पटली नाही. आधी त्या कंत्राटदाराची एलसीडी काढून निदानाचा कोड यादीत आहे का बघा, मगच रिपोर्ट जोडून अपील. यादीत नसलेलं निदान असेल आणि रिपोर्टमध्ये यादीतलं, जास्त नेमकं निदान लिहिलेलं असेल, तर दुरुस्त दावा पाठवणं अपीलपेक्षा लवकर होतं. रिपोर्टमध्ये नसेल तर निदान बदलायचं नाही, मग कितीही फोन येवोत.

सीओ-१५१ म्हणजे इतक्या संख्येला आधार दिसत नाही. इथे वरची मोजणी कागदावर मांडून पाठवा: नर्व्हचं नाव, बाजू, प्रकार, परिशिष्ट जे मधली नोंद. नऊ अभ्यासांच्या नऊ ओळी. समोरच्याला तक्त्यातून स्वतः मोजायला लावलं तर तोही छापील ओळी मोजतो किंवा कमीच मोजतो.

सीओ-९७ किंवा सीओ-२३६ आला तर एनसीसीआयची जोडी तुटली आहे. बहुतेक वेळा ९५८६१ आणि ९५९१० एकाच तारखेला गेलेले असतात. त्याला मॉडिफायरची मलमपट्टी नको, ९५८६१ काढून प्रत्येक अवयवामागे ९५८८५ किंवा ९५८८६ टाका. सीओ-१६ मध्ये बहुधा सांगणाऱ्या डॉक्टरचा एनपीआय राहिलेला असतो. सीओ-१९७ म्हणजे पूर्वपरवानगी घेतली नव्हती, तिथे कोडरच्या हातात फारसं काही नाही, काम फ्रंट डेस्ककडे जातं.

मेडिकेअरचा दावा सेवेच्या तारखेपासून १२ महिन्यांत पोचला पाहिजे आणि पहिलं अपील नकाराची सूचना मिळाल्यापासून १२० दिवसांत. खासगी कंपन्यांच्या मुदती करारागणिक बदलतात, त्यातल्या काही ९० दिवसांच्याच असतात. त्यामुळे नकारांची रांग उपसताना रक्कम बघून क्रम लावू नका. आधी मुदत बघा, मग रक्कम.